कर्करोग परिचारिकांच्या परिषदेत आम्हाला टेबल नको, दीड तास हवा

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

कर्करोग परिचारिकांच्या परिषदेला रुग्ण-साहाय्य संस्थांना बोलावतात, ही चांगली गोष्ट आहे. पण बोलावतात म्हणजे चहाच्या जागेजवळ एक टेबल मिळते, त्यावर माहितीपत्रके ठेवायची, आणि उद्घाटनात कुणीतरी पाच मिनिटे मनोगत मांडायचे. ती पत्रके पिशवीत जातात आणि पिशवीतच राहतात. आपल्या खात्याचे पाठबळ असलेल्या प्रत्येक परिषदेत, मुख्य कार्यक्रमात, परिचारिका आणि संस्था यांनी मिळून आखलेले 90 मिनिटांचे कामाचे सत्र असावे, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे.

परिचारिकेला रुग्ण दिसतो तो केमोच्या खुर्चीत. पुढचा डोस बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांनी असतो आणि मधले सगळे दिवस रुग्ण घरी असतो. त्या दिवसांत नातेवाईक फोन करतात ते संस्थेला. सूचनापत्रातली कोणती ओळ कळली नाही, रात्री कोणता नंबर कुणी उचलला नाही, हे संस्थेच्या फोनवहीत साचत जाते. वॉर्डापर्यंत ते पोहोचतच नाही.

तापाचेच बघा. अनेक केमोंनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 500 च्या खाली असताना 38 अंश सेल्सियस ताप आला, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. परिचारिकांना हे पाठ असते. साखळी तुटते ती त्याच्या आधी. घरात थर्मामीटर नसतो, किंवा असतो तो फॅरनहाइटचा आणि रुग्णालयाने दिलेल्या कार्डावर सेल्सियस छापलेले असते. 38 म्हणजे 100.4 हे तिथे कुणी लिहिलेले नसते. अंग तापले की घरचे आधी पॅरासिटामॉल देतात. आकडा उतरतो, संसर्ग तसाच राहतो. पेशीच कमी असल्याने पू, लाली, सूज ही नेहमीची लक्षणेही फारशी दिसत नाहीत, म्हणून माणूस बरा वाटतो. कधी ताप येतच नाही, नुसती हुडहुडी भरते किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. मग तातडीच्या विभागात आल्यावर केमोची फाइल घरी राहिलेली असते आणि तिथले डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत बसतात. नमुना घेऊन लगेच औषध सुरू करायचे असते, रिपोर्टसाठी थांबायचे नसते. या प्रत्येक टप्प्यावर जीव जाऊ शकतो, आणि यातले बरेचसे एका नीट लिहिलेल्या कार्डाने टळते.

म्हणून सत्रात भाषणे नकोत. पहिली 15 मिनिटे संस्थेने नावे वगळून, फोनवर खरोखर विचारले गेलेले प्रश्न मांडावेत. पुढची 40 मिनिटे फोनचा सराव. दोघी पाठीला पाठ लावून बसतील, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. एकीच्या हातात नातेवाइकाची चिठ्ठी, दुसरीने विचारायचे: शेवटची केमो कधी झाली, ताप किती आणि कधी मोजला, थंडी वाजली का, तापाची गोळी घेतली का, पिक लाइन किंवा पोर्ट (औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी) आहे का, रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल. ब्रिटनमधल्या ऑन्कॉलॉजी नर्सिंग सोसायटीने फोनवरून लक्षणे लाल, पिवळी, हिरवी अशी ठरवण्याचा तक्ता तयार केला आहे. तसाच तक्ता समोर असावा. उरलेल्या वेळात प्रत्येकीने आपल्याच रुग्णालयाचे सूचनापत्र काढावे. उपचार घेतलेल्या व्यक्तीने ते मोठ्याने वाचावे, आणि ती जिथे अडखळेल तिथे पेनने खूण करावी. तज्ज्ञांच्या समितीला न सापडणाऱ्या चुका अशा वाचनात सापडतात.

तापासारखेच इतरही विषय आहेत. कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधाच्या गोळ्या नेहमीच्या पद्धतीत 14 दिवस घेऊन 7 दिवस थांबायचे, आणि जेवणानंतर 30 मिनिटांच्या आत घ्यायच्या. तळहात-तळपाय सोलवटले, जुलाब लागले तरी रुग्ण गोळ्या चालूच ठेवतात, कारण ‘कोर्स अर्धवट सोडू नका’ हे प्रतिजैविकांच्या वेळी मनावर ठसलेले असते. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून लागते. ते न दिल्याने बद्धकोष्ठ होते आणि लोक वेदनाशामकच बंद करून टाकतात.

या सत्रासाठी आपल्या खात्याने परिपत्रक काढावे, आणि काही अटी मात्र त्यातच याव्यात. परिषदेची कर्तव्यरजा वरिष्ठांपुरती राहू नये. डे-केअरमधल्या आणि रात्रपाळीच्या परिचारिकांना ती मिळावी, त्यांच्या जागी बदली व्यक्ती द्यावी. रात्रीचा फोन उचलणाऱ्या त्याच असतात. रुग्ण बोलणार असेल तर प्रश्न आधी कळवावेत, लेखी संमती घ्यावी, प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, आणि ऐनवेळी नकार देण्याची पूर्ण मोकळीक ठेवावी. उपचार चालू असलेल्या रुग्णाला पेशी खाली असण्याच्या दिवसांत गर्दीत आणू नये. व्यासपीठावर रडवण्यासाठी तर कुणालाच आणू नये. औषध कंपनीचा पैसा परिषदेला असला तरी या सत्राचा मजकूर तिने ठरवू नये. आमच्याही मर्यादा स्पष्ट असाव्यात: संस्थेचे कार्यकर्ते औषधाचा डोस सांगणार नाहीत, आणि प्रत्येक पत्रकातला वैद्यकीय मजकूर परिचारिका व डॉक्टर तपासतील.

परिणाम मोजणे अवघड नाही. ताप घेऊन आलेला केमोचा रुग्ण किती वाजता आला आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस किती वाजता मिळाला, या दोन वेळा तातडीच्या विभागाच्या नोंदवहीत लिहाव्यात. परिषदेआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने ताडून पाहावेत, आणि ते आकडे पुढच्या परिषदेत त्याच सत्राच्या सुरुवातीला मांडावेत. येत्या परिषदेचा कार्यक्रम छापायला जाण्यापूर्वी हे परिपत्रक निघावे, ही विनंती.

आपले,
कर्करोग रुग्ण-साहाय्य संस्थेचे कार्यकर्ते