बर्लिनला आत्ताच जाऊन ये

चि. सानिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बर्लिन पुढे कधीतरी बघू गं आई, नोकरी लागल्यावर. आत्ता परवडणार नाही." तेव्हा मी फार बोलले नाही, कारण तुला लेक्चरला जायचं होतं. आता निवांत लिहिते आहे. कर्जाचा विचार तुझ्या मनातून जात नाही हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला कौतुकही वाटतं. पण बर्लिनचं तुझं हे गणित मला मान्य नाही. त्या शहरात पाहण्यासारखं जे सगळ्यात मोलाचं आहे, त्याला तिकीटच नाही. ज्या जागी त्या देशाच्या हातून भयंकर गोष्टी घडल्या, तिथल्या बहुतेक स्मारकांच्या दाराशी कोणी पैसे मागत नाही. यावं, वाचावं, समजून घ्यावं, इतकीच अपेक्षा. तू विद्यार्थिनी आहेस तोवरच हे बघून घ्यावंस अशी माझी इच्छा आहे.

तू दुसरीत होतीस तेव्हा कंपनीने मला तिथे ट्रेनिंगला पाठवलं होतं, ते तुला अंधुक आठवत असेल. भत्त्यातून जेवढे वाचतील तेवढे पैसे आपल्या फ्लॅटच्या हप्त्याला लावायचे असं मी आणि बाबांनी ठरवलं होतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी चालत किंवा बसने शहर पाहिलं, आणि आजही मला वाटतं की पैसे असते तरी याहून चांगलं पाहता आलं नसतं.

आधी प्रवासाचं. तुझं सेमिस्टर तिकीट देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि रीजनल गाड्यांना चालतं असं तू सांगितलंस, म्हणजे अर्धा खर्च इथेच संपला. तुझ्या माग्डेबुर्गहून आरई-१ ही रीजनल गाडी ब्रांडेनबुर्ग आणि पोट्सडाम घेत थेट बर्लिनच्या मधोमध जाते. आयसीई या वेगवान गाडीच्या नादाला लागू नकोस, तिला हे तिकीट चालत नाही. शनिवारी पहाटेची गाडी पकड. मुख्य स्टेशनापर्यंत न जाता थोडं आधी, झू स्टेशनवर उतर. बाहेर आलीस की १०० नंबरची बस मिळेल. दुमजली बस आहे. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळेपर्यंत हवी तर एखादी बस सोड.

ही बस १९९० मध्ये सुरू झाली, पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत पडून वर्षच झालं होतं, आणि पश्चिमेकडचं झू पूर्वेकडच्या आलेक्झांडरप्लाट्झला तिने पुन्हा जोडलं. वाटेत विजयस्तंभ लागतो, राष्ट्राध्यक्षांचा बेलव्ह्यू राजवाडा लागतो, राइशटाग म्हणजे संसदेची इमारत, मग उंटर डेन लिंडेनचा रुंद रस्ता, हुम्बोल्ट विद्यापीठ, संग्रहालयांचं बेट, कॅथेड्रल. लाल रंगाच्या टूरिस्ट बसवाले याच रस्त्याचे भरपूर पैसे घेतात. एकदा शेवटपर्यंत जा, काही उतरू नकोस, नुसती बघ. शहराचा नकाशा डोक्यात बसला की मग मागे फिरून जिथे हवं तिथे उतर.

राइशटागच्या घुमटाची नोंदणी मात्र आजच कर. ती फुकट आहे, पण संसदेच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख आधी द्यावी लागते आणि चांगल्या वेळा लवकर भरतात. पासपोर्ट बरोबर ठेव. संध्याकाळची वेळ घे. नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेला हा काचेचा घुमट १९९९ साली खुला झाला. आतून गोल गोल चढत जाणारा उतार आहे, आणि मधल्या आरशांच्या शंकूतून दिवसाचा उजेड खाली सभागृहात उतरतो. खाली पाहिलं की खासदारांच्या खुर्च्या दिसतात. लोक वरून चालतायत आणि त्यांचे प्रतिनिधी खाली बसलेत, ही कल्पना मला फार आवडली होती. टीव्ही टॉवरच्या तिकिटाचे पैसे इथे वाचतात. आणखी उंचावरून शहर बघायचंच असेल तर क्रॉइत्सबेर्गमधल्या व्हिक्टोरिया पार्कची टेकडी चढ. आपल्या पर्वतीपेक्षाही सोपी आहे.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र बेर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यासाठी राखून ठेव. पूर्व-पश्चिम सीमेवरच्या चेकपॉइंट चार्लीला सगळे जातात, पण तिथली चौकी नकली आहे आणि भोवती नुसता बाजार भरलेला असतो. भिंत म्हणजे काय होतं ते बेर्नाउअर श्ट्रासेवर समजतं. एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, नॉर्डबानहोफ स्टेशनवर उतर. जर्मनीच्या फाळणीच्या काळात पश्चिमेच्या गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जात, पण या स्टेशनवर थांबत नसत. त्या बंद स्टेशनांची माहिती तिथे भिंतीवर लावली आहे, ती वाचूनच वर ये. मग १.४ किलोमीटरचा तो पट्टा सावकाश चाल.

त्या रस्त्याच्या एका बाजूची घरं पूर्व बर्लिनची होती आणि त्यांच्या दारापुढचा फूटपाथ पश्चिमेचा. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली आणि मग त्या घरांची दारं विटांनी बुजवायला सुरुवात झाली. लोक खिडक्यांतून उड्या मारू लागले. खाली पश्चिमेचे अग्निशामक जवान चादर ताणून उभे राहात. २२ ऑगस्टला इडा झीकमान नावाच्या ५८ वर्षांच्या बाईंनी तिसऱ्या मजल्यावरून आधी आपलं अंथरूण खाली टाकलं आणि मागोमाग उडी मारली. खालच्या जवानांना चादर उघडायला वेळ मिळाला नाही. भिंतीपायी गेलेला तो पहिला ज्ञात बळी. त्यांचा आणि इतरांचा फोटो तिथल्या स्मृतिखिडकीत आहे. लहान मुलांचेही फोटो आहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते. तुझ्याएवढी मुलं त्या फोटोंत आहेत.

पुढे एक छोटं मातीचं प्रार्थनाघर लागेल. तिथलं जुनं चर्च भिंतीच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात अडकलं होतं. पूर्वेच्या सरकारने ते १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. भिंत गेल्यावर त्याच जागी, त्याच चर्चच्या विटांचे तुकडे मातीत मिसळून, धुम्मस करून हे नवं उभं केलं. शेजारी राय नावाच्या धान्याचं शेत आहे, जिथे पूर्वी पहारेकऱ्यांची वाट होती तिथेच. तुझे आजोबा असते तर आधी त्या शेतात शिरून कणीस हातात घेतलं असतं. रविवार असेल तर पलीकडे माउअरपार्कचा जुना बाजारही भरलेला असेल. बघायला मजा येते, विकत काही घेतलंच पाहिजे असं नाही.

फ्रीडरिखश्ट्रासे स्टेशनला लागून 'त्रेनेनपालास्ट' आहे, म्हणजे पूर्वेतून पश्चिमेला जाणाऱ्यांची तपासणी व्हायची ती इमारत. पश्चिमेकडून भेटायला आलेले नातेवाईक इथूनच परत जात आणि पूर्वेच्या माणसांना दारातच निरोप घ्यावा लागे. पासपोर्ट तपासायची ती अरुंद लाकडी खोली अजून तशीच ठेवली आहे. इथेही प्रवेश फुकट. तुला मुंबईच्या विमानतळावर सोडताना काचेच्या दाराबाहेर आम्हाला थांबावं लागलं, तेव्हा मला हीच इमारत आठवली होती. फरक एवढाच की आपण पुन्हा कधी भेटायचं हे आपलं आपण ठरवू शकतो.

ब्रांडेनबुर्ग गेटजवळचं ज्यूंचं स्मारक, २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, तू फोटोंत पाहिलंच असशील. त्यावर चढून फोटो काढणारी मंडळी दिसतील, तू तसं करू नकोस. जमिनीखाली माहिती केंद्र आहे, ते सोमवारी बंद असतं. तिथली पत्रं आणि कुटुंबांच्या हकिगती वाचल्याशिवाय वरचे ठोकळे नुसते ठोकळेच राहतात. नाझींच्या गुप्त पोलिसांची, गेस्टापोची, कचेरी जिथे होती तिथलं 'टोपोग्राफी ऑफ टेरर'ही असंच विनाशुल्क आहे. हे दोन्ही एका दिवसात करू नकोस, मन थकतं.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी जागा सांगते. हुम्बोल्ट विद्यापीठासमोरच्या चौकात, बेबेलप्लाट्झवर, जमिनीत एक काच बसवली आहे. खाली वाकून पाहिलंस तर रिकामी पांढरी कपाटं दिसतील, सुमारे २०,००० पुस्तकं मावतील एवढी. १० मे १९३३ ला इथे नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली. लक्षात ठेव, जाळणारे विद्यार्थी होते. आणि त्याच्या थोडीच वर्षं आधी याच विद्यापीठात आपल्या पुण्याची एक तरुण मुलगी पीएच.डी. करत होती, इरावती कर्वे. महर्षी कर्व्यांची सून.

इरावतीबाई काम करायच्या ती संस्था शहराच्या नैऋत्येला दाहलेम भागात होती. यू-३ या मेट्रोने फ्राय उनिव्हर्सिटेट स्टेशनवर उतर आणि ईनेश्ट्रासे २२ ला चालत जा. मानववंशशास्त्र आणि सुप्रजननाची कैसर विल्हेल्म संस्था ती हीच, १९२७ मध्ये सुरू झालेली. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ ठरवता येईल असं त्यांना वाटत होतं, आणि तोच विषय त्यांनी इरावतीबाईंना दिला. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा काही वांशिक फरक दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या म्हणण्याविरुद्ध. पुढे याच संस्थेकडे आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले मृतांचे अवयव पाठवत होता. त्याची नोंद करणारा फलक त्या इमारतीवर आहे. आता तिथे फ्राय विद्यापीठाचे वर्ग भरतात.

माझ्या वेळी तिथे एकही पर्यटक नव्हता. बाहेर झाडं, सायकली आणि पिशव्या घेऊन जाणारी मुलं. तुला प्रयोगशाळेत आकडे मनासारखे येत नाहीत आणि सरांना काय सांगू असं होतं ना, तेव्हा या इमारतीसमोर उभं राहून आलेलं बरं.

माझ्या वेळी कॅथेड्रलसमोर नुसतं गवत होतं. आता तिथे राजवाड्याच्या रूपात हुम्बोल्ट फोरम हे संग्रहालय उभं आहे आणि बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची लाल दगडातली प्रतिकृती बसवली आहे. तिचा जवळून काढलेला एक फोटो मला पाठव. आत तुर्फानच्या बौद्ध लेण्यांतली भित्तिचित्रं आहेत आणि ती बघायला तिकीट नाही.

पैसे खर्चच करायचे तर एका ठिकाणी कर. नॉयेस म्युझियममध्ये जा, विद्यार्थ्यांना सवलत आहे. इजिप्तच्या राणी नेफरतीतीचा अर्धपुतळा तर आहेच, पण ती इमारतही बघ. युद्धात मोडलेली ती वास्तू डेव्हिड चिपरफील्ड यांनी दुरुस्त केली तेव्हा गोळ्यांच्या खुणा बुजवल्या नाहीत. पेर्गामोन म्युझियमच्या नादाला सध्या लागू नकोस, दुरुस्तीसाठी बंद आहे.

जेवणाचं म्हणशील तर निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कर, दीड दिवस सहज टिकतात. नळाचं पाणी चांगलं आहे, बाटली भरून घे. नॉयकोल्न भागात झोनेनआले रस्त्यावर फलाफल पोटभर आणि स्वस्त मिळतं. भाजीचा म्हणून जो कबाब विकतात त्यात बहुधा चिकनही असतं, तेव्हा विचारूनच घे. रविवारी दुकानं बंद असतात, मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट मात्र उघडं असतं. स्वच्छतागृह संग्रहालयात किंवा स्मारकातच उरकत जा, बाहेर त्याचे पैसे पडतात.

रात्र हॉस्टेलवर काढायची तर मुलींची खोली बघ आणि एस-बानच्या स्टेशनाजवळची घे. थोडे जास्त पडले तरी चालतील, इथे काटकसर नको.

रविवारी दुपारी पाय दुखायला लागले की टेम्पलहोफला जा. १९४८-४९ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनची वाट अडवली तेव्हा याच विमानतळावर विमानांनी कोळसा आणि धान्य उतरवलं. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला, २०१० मध्ये मैदान लोकांना खुलं झालं. मी गेले तेव्हा ते नवंच होतं. धावपट्टीवर मुलं पतंग उडवत होती, सायकली चालवत होती. पुढे तिथे घरं बांधायची ठरली, तर २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून ते थांबवलं. धावपट्टीच्या मधोमध बस, दशमी खा.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर वानझे तलावापाशी उतरता येईल. आरई-१ तिथे थांबते. शहरी तिकिटावरच एफ-१० नावाची बोट क्लाडोला जाते, वीस मिनिटांची. उन्हं असतील तरच जा.

बाबांनी तुझ्या खात्यात थोडे पैसे टाकले आहेत. ते म्युझियमच्या तिकिटासाठी आणि एका गरम जेवणासाठी आहेत, फीसाठी ठेवायचे नाहीत. घुमटाची वेळ मिळाली की लगेच कळव, आणि शनिवारी गाडीत बसलीस की मेसेज टाक.

तुझी,
आई