मेट्रो वापराल का, हे कुठे आणि कसे विचारता?

संपादक महोदय,

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिसच्या, म्हणजे बसगाड्यांच्या उंच पुलाच्या, जिन्यापाशी, टॅब घेतलेल्या एका मुलीने मला थांबवले. प्रवाशांचे सर्वेक्षण चालू होते. पहिला प्रश्न, 'मेट्रो सुरू झाल्यावर वापराल का?' मी 'नक्की' म्हणून मोकळी झाले. हो म्हणायला काय पैसे पडतात? पुढचा प्रश्न, 'बससेवा वेळेवर आणि आरामदायी आहे का?' इथे मी अडले. माझी बस वेळेवर येते, पण मानपाड्यापर्यंत उभे राहावे लागते. मग हो म्हणू की नाही? मुलगी म्हणाली, "काकू, मधलं टिक करते." मागे रांग खोळंबली होती, तिचा काही दोष नाही.

मी ३२ वर्षे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवले, म्हणून ते 'मधलं' डोक्यातून जाईना. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पायऱ्यांची ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिकर्टने १९३२ साली मांडली. एकाच विषयावर बरीच विधाने द्यायची आणि त्यांची बेरीज पाहायची, असा तिचा बेत. इथे एकच विधान, तेही जोडप्रश्न! आता मधल्या पायरीचे माझे ३ गुण इतरांच्या गुणांत मिसळून सरासरी निघेल आणि अहवालात 'प्रवासी बऱ्यापैकी समाधानी' असे छापून येईल.

त्याहून मोठी गडबड जागेची आहे. खानावळीत जेवत बसलेल्यांनाच जेवण कसे आहे म्हणून विचारायचे, तसे हे. एकदा जेवून पुन्हा न फिरकलेल्यांना कोण विचारणार? माझ्या समोरच्या फ्लॅटमधली सून विक्रोळीला नोकरी करते. शेअर रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा, याला कंटाळून तिने दोन वर्षांपूर्वी स्कूटर घेतली. सॅटिसखाली ती कुणाला सापडणार नाही, आणि मेट्रोला तर तिच्यासारखेच नवे प्रवासी हवेत. स्टेशनवर नमुना घेऊच नये असे नाही. मॅन्स्की आणि लर्मन या संशोधकांनी १९७७ मध्ये अशा नमुन्याला भार देऊन, म्हणजे कुणाचे उत्तर जास्त तर कुणाचे कमी मोजून, दुरुस्त कसे करायचे ते दाखवले आहे. पण त्यासाठी शहरात एकूण किती लोक कशाने जातात हे आधी माहीत हवे, आणि ते घरोघरी गेल्याशिवाय कळत नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता हा प्रश्न होता. नातवाला शाळेत सोडणाऱ्या आजीचा प्रवास त्यात कुठे येतो?

सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी त्याआधी लोक प्रत्यक्ष कशाने जातात, किती पैसे आणि किती मिनिटे मोजतात, यावरून हिशेब मांडला. प्रवाशांपैकी १५ टक्के बार्टने जातील असा सरकारी अंदाज, मॅकफॅडन यांचा ६.३. प्रत्यक्षात आले ६.२. पुढे २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र चालत स्टेशन गाठणाऱ्यांचा आकडा त्यांच्याही हिशेबात फुगला होता!

जी सेवा अजून सुरूच नाही, तिच्याबद्दल निदान पर्याय समोर ठेवून तरी विचारावे. मी परवा जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर अशी पत्ते-जोडी करून समोरच्या सुनेपुढे ठेवली. एकावर लिहिले, स्कूटर, ५० मिनिटे, पेट्रोल ६० रुपये. दुसऱ्यावर, मेट्रो, ४० मिनिटे, ४५ रुपये, त्यात १० मिनिटे चालणे. आकडे माझ्या मनचे. तिने दोन्ही पत्ते हातात घेतले आणि म्हणाली, "काकू, रात्री साडेनऊला त्या दहा मिनिटांच्या रस्त्यावर दिवे आहेत का, ते लिहा ना आधी." मी तिसरा पत्ता केला, तोच रस्ता दिव्यांसह. तेव्हा कुठे तिने मेट्रो उचलली. भाडे वाढवून ६० केले, तरी खाली ठेवली नाही. 'नक्की' आणि 'बहुधा'च्या चौकटींत हे दिवे कुठून येणार?

तेव्हा अहवाल निघेल त्यात निदान प्रश्नावली छापावी, आणि कुठे, कोणत्या वेळी, किती जणांना विचारले तेही. माझे 'नक्की' मात्र खोडावे. मी त्या दिवशी पेन्शनच्या कामाला निघाले होते, एरवी भाजी मला मानपाड्यातच मिळते.

— एक निवृत्त प्राध्यापिका, मानपाडा, ठाणे (प.)