बडोद्याहून आईस

ती. आईस व ती. दादा-वहिनींस,
सा. न. वि. वि.

टीव्हीवर बडोद्याचा पारा बघून तू परवा फोनवर रडवेली झालीस, म्हणून आधी तेवढंच लिहितो. ऊन आहे, ४२-४३ पर्यंत चढतं, पण आम्ही चौघंही ठणठणीत आहोत. मी दुपारी बारा ते चार कुणाच्याही गच्चीवर चढत नाही. टाकीचा बॉल कॉक, फुटलेला पाइप, पत्र्याचं काम असलं की सकाळी सहाला हजर होतो आणि दहाच्या आत खाली उतरतो. दुपारी घरातली कामं घेतो, पंखे, नळ, बिजागऱ्या. डोक्याला बाबांचा पंचा असतो. खिशात कांदाही ठेवतो, तू सांगितलंस म्हणून. लोक ताक दिल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळं उपाशी, तहानलेला फिरतो असं मनात आणू नकोस.

दोन महिने काम बंद ठेवून वाईला ये, घाटावर गार असतं, असं तू म्हणालीस. आई, मला का यावंसं वाटत नाही? पण उन्हाळा हीच माझी सुगी. थंडीत दिवसाला एखादा नळ गळका मिळाला तर मिळाला. आता सकाळपासून फोन. कूलरचं गवत बदलायचं, पंपात साचलेले क्षार काढायचे, आणि लोकांना खिडकी उघडी ठेवा म्हणून पुन्हा पुन्हा सांगायचं, कारण बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. पंखा हळू फिरतो म्हणून नवा आणायला निघालेल्यांचा निम्म्या वेळी फक्त कंडेन्सर गेलेला असतो. तो बदलला की पंखा पहिल्यासारखा पळतो. परवा एका आजींनी त्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बरं वाटलं.

आता वाघ्याचं. पोरांच्या घरात कुत्रा कशाला, हे तू प्रत्येक फोनवर विचारतेस. त्याला रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी देतो, तारीख दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवलीय. उन्हाळ्यात गोचिडी होतात म्हणून रोज संध्याकाळी कानामागं, बोटांच्या मध्ये बघतो. थोरला टॉर्च धरतो, धाकटी मोजते. त्याला फिरवायचं ते उजाडता उजाडता आणि रात्री नऊनंतर. मधल्या वेळात डांबर इतकं तापतं, की हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवत नाही. आपल्याला टेकवत नाही तिथं त्याचे पंजे कसे टिकतील? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग गार करतं. म्हणून मोरीजवळ ओलं पोतं टाकलंय, दिवसभर तिथंच पसरलेला असतो. केस कापून टाक असं शेजारी म्हणाले, मी ऐकलं नाही. तेच केस त्याची कातडी उन्हापासून राखतात. आंब्याच्या कोयी तेवढ्या त्याच्यापासून लांब ठेवाव्या लागतात, गिळली तर आतड्यात अडकते. रात्री मी उशिरा आलो तर पोरांच्या खोलीच्या दाराशी तोच असतो, हेही तुला माहीत असू दे.

इथला एक प्रकार मात्र तुला सविस्तर सांगायलाच हवा. वहिनींनाही वाचून दाखव. इथं लोक गव्हाला एरंडेल चोळतात! खरंच. नवा गहू बाजारात आला, की घरोघरी वर्षाचा गहू एकदम भरतात. गच्चीवर चादर अंथरायची, गहू निवडायचा, ऊन द्यायचं, मग शेजारच्या चार बायका गोल बसून तळहातावर थोडं थोडं तेल घेतात आणि दाणा न् दाणा चकाकेपर्यंत चोळत राहतात. तेलाला इथं दिवेल म्हणतात. तूरडाळीलाही लावतात. आपण कडुनिंबाचा पाला घालतो, तशी यांची रीत. देशातली बहुतेक एरंडी गुजरातेतच पिकते, त्यामुळं तेल घरचंच असल्यासारखं वापरतात.

पहिल्या वर्षी आमच्या घरात यावरून भांडण झालं. ही म्हणाली, पोरांना जुलाब होतील. तूही तेच म्हणशील, लहानपणी महिन्यातून एकदा नाक दाबून पाजायचीस ते मला आठवतंय. पण इथं दाण्यावर जेमतेम पापुद्रा असतो. किड्याला त्यावर चढता येत नाही, त्याची अंडी तेलाखाली गुदमरतात, आणि गहू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जसाच्या तसा राहतो. दळणाआधी आम्ही ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ऊन देतो. पोळीला वास येत नाही. पोरांची पोटं चांगली आहेत. आता हीच शेजारणींबरोबर बसते आणि कुणाचं तेल जास्त झालं ते सांगते.

यात माझंही काम असतं. गहू भरायच्या कोठ्या पत्र्याच्या, माणसाच्या छातीएवढ्या. वरून भरायचं आणि तळाशी एक लहान दार असतं त्यातून काढायचं, म्हणजे जुना गहू आधी निघतो, नवा वर राहतो. ते दार गंजून अडकतं. मी ते काढून, पत्रा कापून नवं बसवतो, रिबीट मारतो. खाली लोखंडी घोडी करून देतो, म्हणजे ओल लागत नाही आणि बायकांना वाकावं लागत नाही. अशी एक कोठी मी तुझ्यासाठी मनात केव्हाच केलीय. तुझ्या कमरेच्या उंचीची. माप दादाकडून घेईन.

परमुलखात एकटा पडलास, असं तू आत्याला म्हणालीस म्हणे. आई, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा १८७५ साली इथं गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. त्याच्या आधीपासून आपली माणसं इथं आहेत. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात अजून मराठी कानावर पडतं, थोडं गुजराती मिसळलेलं, पण आपलंच. महाराजांनी १८९२ साली आजव्याचं सरोवर बांधलं, त्याचं पाणी उतारानं शहरात आलं, पंपाशिवाय. नळाचं काम करणाऱ्याला हे केवढं वाटतं ते मी नीट सांगू शकत नाही. आषाढीला विठ्ठलाच्या देवळात इतकी गर्दी असते की चप्पल सापडत नाही. त्या दिवशी मला आळंदीच्या पालखीची आणि तुझी आठवण येते. बाकीच्या दिवशी कामात वेळ जातो.

तुझ्या मोतीबिंदूचं मनात सारखं असतं. डॉक्टर म्हणतात ना, पावसाळ्याआधी करा, तर करून घे, माझ्यासाठी थांबू नकोस. दादा-वहिनी आहेत. तरी थांबणं शक्य असलं तर पहिला पाऊस पडू दे. पाऊस आला की कूलर बंद होतात आणि गळतीची कामं सुरू व्हायला आठवडा जातो. त्या आठवड्यात मी गाडीत बसतो. पुण्यात उतरून एसटीनं संध्याकाळपर्यंत घरी. डोळ्यात थेंब मी घालीन. पण खरंच, थांबू नकोस.

दादा, काल फोनवरून २०,००० पाठवलेत. १२,००० आईच्या डोळ्याचे, बाकीचे माडीच्या पत्र्याला. पत्रे स्वस्तातले घेऊ नकोस, जाडी बघून घे, आणि खिळ्याऐवजी रबरी वायसर लावलेले स्क्रू मारायला सांग. गेल्या वर्षीचे माझ्या वाट्याचे १५,००० राहिलेत, मी विसरलेलो नाही. इथल्या एका सोसायटीनं बिल अडकवलंय, ते सुटलं की लगेच पाठवतो. वहिनींनी नणंदेच्या, आपल्या बेबीच्या फीसाठी बांगडी मोडली, हे मला तिसऱ्याकडून कळलं. असं पुन्हा करू नका. वहिनी, मला आधी सांगा, मी कुठूनही उभे करीन.

आणि बेबीचं. दांडिया बाजारातल्या एका घरी माझं जाणं-येणं आहे. तीन पिढ्या बडोद्यात, घरात मराठी. मुलगा नंदेसरीच्या एका कारखान्यात फिटर आहे, निर्व्यसनी, बोलणं मोजकं. मी त्याला त्याच्या आईचा कूलर स्वतः धुताना बघितलंय. देण्याघेण्याचा विषय त्यांनीच नको म्हणून मिटवला. आषाढात ते पंढरपूरला जाणार आहेत, परतताना वाईला येऊन मुलगी बघू म्हणतात. लग्न तुळशीच्या लग्नानंतर.

आई, तू म्हणशील, एक गेलाच होता, आता दुसरीलाही हा तिकडंच ओढतोय. मी चार रात्री हाच विचार करून मग लिहितोय. ती इथं आली तर माझ्या डोळ्यांसमोर राहील, एवढा आधार तुला असेल. पण घरात तू एकटी पडशील, हे मला दिसतं. नको म्हणालीस तर मी त्यांना तसं कळवीन, वाईट वाटून घेणार नाही. मुलाचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवलाय. बेबीला दाखवताना तू जवळ बसू नकोस. ती तुझं तोंड बघून उत्तर देईल. वहिनींना विचारू दे.

तुझा,
बाळू

ता. क. दादा, डोळ्याची तारीख ठरली की लगेच फोन कर. काम टाकून निघायचं झालं तर निघेन.