फळीवर चढणारी बाई

प्रिय मित्रा,

ऊसतोडीचे फोटो पोचले. सोबतच्या चिठ्ठीतलं तुझं वाक्य मात्र मनातून जाईना: ‘मी गुरांमागं वाढलेला, मला नजर कुठून येणार?’ म्हणून आज फोटोग्राफर सेबास्तियाव साल्गादोबद्दल लिहितोय.

त्याचा जन्म १९४४चा, ब्राझीलमधल्या आयमोरेसचा. वडिलांची गुरं, मोठं रान. कातडी गोरी, ऊन सोसायचं नाही, म्हणून हा सारखा झाडाखाली किंवा टोपीखाली. वडील भर उन्हातून चालत यायचे तेव्हा सूर्य त्यांच्या पाठीशी असायचा. पुढे त्याच्या फोटोंत माणसांच्या मागून येणारा जो उजेड दिसतो, तो या सावलीतला आहे, असं तो स्वतः सांगायचा. शिकला अर्थशास्त्र. लष्करी राजवटीमुळे १९६९ला बायको लेलियासोबत पॅरिस गाठलं. कॉफी संघटनेच्या कामासाठी आफ्रिकेत जाताना लेलियाचा कॅमेरा बरोबर न्यायचा. १९७३ला नोकरीच सोडली.

ब्राझीलमधल्या सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीतले त्याचे १९८६चे फोटो पुन्हा बघ. पाठीवर मातीची पोती, अंगभर चिखल, शिड्यांवर माणसांमागं माणसं. आता तुझा तो फोटो काढ: उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई. तिची मान कुठं ताठ होते, पाय कुठं चाचपडतो, ते तू बरोबर टिपलंयस. ते कुणी शिकवलं तुला? तुझी आई त्याच फळीवर चढत होती. साल्गादो मालकाचा मुलगा होता, मित्रा. त्यानं रान सावलीतून पाहिलं. तू मोळीच्या बाजूनं पाहिलंयस आणि माझ्या मते ती जागा जास्त मोलाची आहे.

तो आपल्याकडंही आला होता. धनबादचे कोळसा कामगार, १९९५चं चर्चगेट स्टेशन. पण १९९४च्या रवांडातल्या कत्तली पाहून तो आतून मोडला होता. शेवटी वडिलांच्याच रानात परतला. तिथलं जंगल तुटून गेलेलं. लेलिया म्हणाली, पुन्हा लावू. १९९८ला दोघांनी संस्था काढली, वीस लाखांहून जास्त झाडं लावली. मे २०२५मध्ये तो गेला.

तू पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टोळीसोबतच राहा. कोपीतली, त्यांच्या झोपडीतली संध्याकाळ, चुलीचा धूर, पाचटात झोपलेली लेकरं अजून तुझ्या फोटोंत नाहीत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली की नाही, तेही प्रत्येक फोटोखाली लिही. आणि त्या बाईला विचारून तिचं नाव मला कळव. फोटो तिच्या नावानंच लावू.

तुझा,
अनिल