आडनावाच्या कोऱ्या रकान्याबद्दल

प्रिय आई, बाबा,

आम्ही तिघांनी आपापले कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. दादाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनावाच्या जागी बाबांचं नाव आहे, माझ्या प्रमाणपत्रावर आईचं. धाकट्याच्या पासपोर्टवर त्याचं नुसतं नाव, आडनावाचा रकाना कोरा. कागदावर आम्ही एकमेकांचे कुणीच लागत नाही.

जात कळू नये म्हणून तुम्ही आडनाव सोडलंत आणि आईचं नाव आमच्या नावात आणलंत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. आपल्या घरात ते चाळीस वर्षांपूर्वीच झालं होतं. आम्हाला त्याचा अभिमान आहे, आणि तिघांपैकी कुणीही आता आडनाव लावणार नाही. दादासुद्धा नाही. त्याचा राग आडनाव नसण्यावर कधीच नव्हता. प्रत्येक फॉर्म त्या-त्या वेळी सुचेल तसा भरला गेला, यावर तो आहे. मला तो राग रास्त वाटतो.

तिघांची नावं एका साच्यात बसवण्याचा विचार आम्ही सोडून दिला. दहावीचं प्रमाणपत्र बदलणं सगळ्यांत अवघड, म्हणून ज्याचं-त्याचं प्रमाणपत्र हाच पाया धरायचा आणि पॅन, आधार, पासपोर्ट, बँक त्याच्याशी जुळवायचे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे शेवटचं रूप पक्कं झाल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही. पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा आहे. तो कोरा ठेवता येत नाही आणि आद्याक्षरही चालत नाही. धाकट्याचं काम आधी करावं लागेल. असा पासपोर्ट असला की अमेरिकेच्या व्हिसावर त्याचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं छापून येतं. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर 2022 पासून अशा एकशब्दी पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणं थांबवलं. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असेल तरच सवलत. राजपत्रात नावबदल छापून घेता येतो, पण त्याने जुने कागद बदलत नाहीत. जुनं आणि नवं जोडणारा पुरावा एवढंच त्याचं काम, म्हणून त्या अंकाच्या प्रती कायम जपाव्या लागतात.

हे सगळं आमचं आम्ही करू. जे आम्हाला करता येणार नाही, ते लिहायला हे पत्र घेतलंय.

भावंडांचं नातं आडनावाने सिद्ध होत नाही. ते जन्मदाखल्यावरच्या आई-वडिलांच्या नावांनी होतं. आणि बाबा, तुमचंच नाव तीन दाखल्यांवर तीन तऱ्हांनी आहे. दादाच्या दाखल्यावर जुन्या आडनावासकट, माझ्या दाखल्यावर आडनावाशिवाय, धाकट्याच्या दाखल्यावर आजोबांचं नाव गाळून. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं शपथेवर तुम्हीच सांगू शकता. तुमच्यानंतर आम्ही सांगितलं तर तो वारसांचा दावा ठरतो, आणि सातबाऱ्यावर वारसनोंद करताना कुणीही हरकत घेऊ शकतो. म्हणून एक प्रतिज्ञापत्र करा. त्यात सगळी रूपं, ती कोणत्या कागदावर आहेत, त्या कागदाचा क्रमांक आणि तारीख असू द्या. मग जन्मनोंदीतल्या दुरुस्तीचा अर्ज करू. निबंधक मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात.

बँकेतलं नामनिर्देशनही तपासा. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. वाटे टक्क्यांत लिहायचे, बेरीज 100 यायला हवी. लॉकरसाठी मात्र एकानंतर एक असा क्रम द्यावा लागतो. आमची नावं आमच्या आधारवर आहेत तशीच लिहा, घरातली हाक नको. पण नामनिर्देशित माणूस पैसे घ्यायला पुढे येतो, मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं.

त्यामुळे मृत्युपत्र हवंच. तुमचं लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं, पण दोघंही जन्माने हिंदू असल्याने वारशाला हिंदू उत्तराधिकार कायदाच लागतो. आजी आता नाही, म्हणजे मृत्युपत्राशिवाय बाबांच्या स्वतःच्या कमाईचे आईला आणि आम्हा तिघांना चार सारखे वाटे. आई, तुला राहतं घर पूर्ण मिळावं असं आम्हा तिघांना वाटतं, आणि ते लिहिल्याशिवाय होणार नाही. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करूया. साक्षीदार दोन, तुमच्याहून तरुण, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. आमच्या प्रत्येकाच्या नावापुढे 'ऊर्फ' लिहून बाकीची रूपं घाला.

जातीच्या रकान्याबद्दल आमच्यात एकमत नाही. ते पत्रात नको, समोरासमोर बोलू.

बाबा, नोंदणी विवाहाचा दाखला लोखंडी कपाटात असेल. तो काढा, आणि त्यावर तुमच्या नावापुढे आडनाव आहे की नाही ते मला फोनवर अक्षर न अक्षर वाचून दाखवा. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यावर अडलाय.

तुमची,
मधली