परवान्यात घरच्यांनाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातील कॅसिनोंची चर्चा निघाली की ती मांडवीतली जहाजे कधी हलणार आणि शुल्क किती वाढणार, याच दोन मुद्द्यांभोवती फिरते. खेळणाऱ्याच्या घरच्यांचे काय, हे कोणी विचारत नाही.

आमच्या बांद्याहून पणजी तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. गेल्या वर्षी शेजारच्या एक वहिनी नवऱ्याचा फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन तिथल्या जेटीवर गेल्या होत्या. पाटल्या गहाण पडल्या होत्या, पतसंस्थेची नोटीस आली होती. "ह्यांना आत सोडू नका," एवढीच त्यांची विनंती होती. खिडकीवरच्या मुलाने कागद पाहिले, आदबीने परत केले आणि म्हणाला, "तिकीट काढणाऱ्याला आम्ही कसे अडवणार, काकी?" त्या मुलाला मी दोष देत नाही, असा अर्ज कुठे द्यायचा, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

सिंगापूरमध्ये २०१० साली दोन कॅसिनो सुरू झाले, पण त्यासाठीचा कायदा २००६ मध्येच झाला होता आणि त्यात या वहिनींसारख्यांचा विचार होता. तिथे पती-पत्नी, आई-वडील, मुले किंवा भावंडे अर्ज करून, सुनावणीनंतर, घरच्या माणसाला प्रवेशबंदी करवून घेऊ शकतात. दिवाळखोर ठरलेल्यांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना तर अर्जाशिवायच दार बंद असते. शिवाय परदेशी पर्यटकाला प्रवेश मोफत, पण नागरिकाला २४ तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात. ब्रिटनने २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास मनाई केली आणि एकदा नाव नोंदवले की तिथल्या सर्व परवानाधारक संकेतस्थळांवर त्या माणसाला खेळता येऊ नये, अशी सक्तीची व्यवस्था केली. याउलट कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावर कित्येक वर्षे ऑनलाइन जुगाराचे मोजके मूळ परवानाधारक इतरांना उपपरवाने देत राहिले. नवा कायदा यायला २०२४ चा डिसेंबर उजाडला.

आपल्याकडे गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यातच १९९२ मध्ये १३-अ हे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना मुभा मिळाली, नंतर जहाजांनाही. मुळात बंदीच्या कायद्याला दिलेला हा अपवाद असल्यामुळे त्यात जागा आणि शुल्क यांचाच विचार प्रामुख्याने झाला, असे मला वाटते. २०२० मध्ये गोवा सरकारने गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी जाहीर केली, ते चांगलेच झाले. पण सातार्डा किंवा बांद्याहून जाणारा माणूस त्या बंदीत येत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये बंदी आणली, तरी जेटी उघडीच आहे.

जुगार हा राज्यसूचीतील विषय असल्याने गोवा विधानसभेला हे काम स्वतःच करता येईल. कुटुंबीयांच्या अर्जावरून, दोन्ही बाजू ऐकून प्रवेशबंदी करण्याची तरतूद प्रत्येक परवान्याची अट व्हावी, तिचा भंग झाल्यास दंड कॅसिनोला व्हावा आणि हा अर्ज महाराष्ट्रातील रहिवाशांनाही मराठीतून करता यावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला नम्र,
एक वाचक, बांदा (सिंधुदुर्ग)