तिसऱ्याला दिलेलं मत फुकट का जावं?

प्रति,
मा. गव्हर्नर, न्यू जर्सी राज्य, ट्रेंटन

स. न.

अध्यक्षपदाची निवडणूक आली की इथल्या मराठी घरांतही एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अरे, तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया!" हिशेब पाहिला तर ते खोटंही नाही. 1992 साली अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळपास 19 टक्के मतं पडली. इलेक्टोरल मत (राज्यांतून निवडलेले इलेक्टर अध्यक्ष ठरवताना देतात ते) एकही नाही. आपल्या राज्यात क्लिंटन 43 टक्क्यांच्या आसपास राहिले आणि राज्याची सगळी 15 इलेक्टोरल मतं घेऊन गेले. पेरोंच्या मतदारांना दुसरं कोण चाललं असतं, हे मतपत्रिकेनं विचारलंच नव्हतं.

2000 मध्ये फ्लोरिडात बुश अल गोर यांच्यापेक्षा अवघ्या 537 मतांनी जिंकले. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तिथे 97 हजारांवर मतं होती. तेव्हापासून लोक, गोर यांची मतं खाल्ली म्हणून, नेडरच्या नावानं खडे फोडतात. मला ते मुळीच पटत नाही. माणूस उभा राहिला, एवढाच त्याचा दोष?

मी ज्या देशातून आलो तिथे 1969 साली राष्ट्रपतिपदासाठी मुख्य लढत व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात होती. तिसरे होते आमचे चिंतामणराव देशमुख. तिथे मतदान खासदार-आमदारच करतात, पण पसंतीक्रम लिहून; आणि प्रत्येकाच्या मताला ठरलेलं मूल्य असतं. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515 मतमूल्य मिळालं. लागत होतं 4,18,169. देशमुख बाद झाले, त्यांच्या 1,12,769 मतमूल्याची दुसरी पसंती मोजली गेली. त्यातलं बरंचसं रेड्डींकडे गेलं, तरी शेवटी गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427. चिंतामणरावांनी कुणाची मतं खाल्ली, असं म्हणायला जागाच उरली नाही.

हे इथे जमणार नाही, असं कुणी सांगू नये. मेन राज्यानं 2020 पासून अध्यक्षपदासाठी हीच पद्धत वापरली आहे. इलेक्टर कसे निवडायचे, हे संविधानानं राज्यांच्या विधिमंडळांवरच सोपवलं आहे. मोजणी लांबेल, हे मान्य. टपाली मतं मोजून संपेपर्यंत तसेही आपण काही दिवस थांबतोच की!

तेव्हा विनंती एवढीच : 2028 च्या आधी पसंतीक्रमाचं विधेयक विधिमंडळापुढे यावं म्हणून आपण स्वतः पुढाकार घ्यावा. आणि घेणार नसाल, तर का नाही, ते मतदारांना जाहीरपणे सांगावं.

आपला,
एडिसनचा एक मतदार